फिरत्या उपदेशकाची वही वाचायला घेताना

नागपूरच्या सदर भागातल्या एका घरी जुनी लोखंडी पेटी उघडली तेव्हा मी तिथे होतो. वर लग्नाचे फोटो, त्याखाली उपासनेतल्या गीतांची पुस्तकं, आणि अगदी तळाशी कापडात गुंडाळलेली तळहातापेक्षा थोडी मोठी, चामडी पुठ्ठ्याची वही. आजी म्हणाल्या, "पाह्य बाबू, माझ्या सासऱ्याच्याही अगोदरची आहे म्हणतात. इंग्रजी आहे, पण इंग्रजी शिकलेल्यालेही वाचता येत नाही." मलाही त्या दिवशी चार ओळींपुढे जाता आलं नाही. तपकिरी पडलेली शाई, मुंगीएवढं अक्षर, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीने लिहिलेले आकडे. ते आकडे मी सोडून दिले आणि उपदेश वाचायला बसलो. सुरुवातच चुकली होती.

नागपूर, कामठी, भंडारा, वर्धा या पट्ट्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कपाटांत अशी एखादी वही निघू शकते. कुणाला परदेशातल्या संग्रहालयाकडून वहीची छायाचित्रं मिळतात. पहिल्यांदाच अशा वहीपुढे बसणाऱ्यासाठी मी हे लिहितो आहे. इतिहासाची पदवी लागत नाही. चांगला उजेड, धीर आणि पेन्सिल लागते.

आधी वही कशासाठी होती ते समजून घ्या

अठराव्या शतकात जॉन वेस्लीने इंग्लंडात घोड्यावरून फिरून उपदेश करण्याची चाल रूढ केली. त्याच्या मागून आलेल्या मेथडिस्ट, म्हणजे त्याच्या पंथाच्या, उपदेशकांना गावांचा एक ठरावीक फेरा नेमून दिलेला असे. आज या गावी, उद्या पुढच्या, आणि काही आठवड्यांनी पुन्हा पहिल्या गावी. अमेरिकेत हेच उपदेशक जंगलवाटांनी घोड्यावर फिरले. त्यांचं सगळं बिऱ्हाड खोगिराच्या दोन पिशव्यांत मावायचं, म्हणून वही लहान आणि अक्षर बारीक. दर मुक्कामी ऐकणारे वेगळे, त्यामुळे एकच उपदेश दहा ठिकाणी चालायचा. तो नव्याने लिहिण्याची गरज नव्हती, पण कुठे सांगून झाला हे लक्षात ठेवणं फार गरजेचं होतं. नाहीतर त्याच लोकांपुढे तोच उपदेश व्हायचा.

स्कॉटलंडची आणखी एक गोष्ट आहे आणि नागपूरला ती लागू पडते. तिथल्या मंडळ्यांना कागदावरून वाचून दाखवलेला उपदेश आवडत नसे. माणसाने मनापासून बोलावं, कागद चाळू नये, अशी अपेक्षा. त्यामुळे पुष्कळ वह्यांत पूर्ण उपदेश सापडत नाही, नुसते मुद्दे सापडतात: बायबलमधलं एक वचन, तीन-चार मथळे, प्रत्येकाखाली दोन-तीन तुटक शब्द. बाकीचं सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं.

नागपुरात प्रॉटेस्टंट मिशनचं काम रुजवणारे स्टीफन हिस्लॉप याच परंपरेतले. स्कॉटलंडची फ्री चर्च १८४३ मध्ये जुन्या चर्चपासून वेगळी झाली, आणि तिच्यातर्फे ते १८४५ मध्ये इथे आले. तेव्हा नागपूरवर भोसल्यांचं राज्य होतं. हिवाळ्यात तंबू घेऊन गावोगाव हिंडायचं आणि पावसाळ्यात मुक्कामी राहून शाळा चालवायची, असा त्या काळच्या मिशनऱ्यांचा क्रम असे. हिस्लॉप फिरता फिरता दगड आणि जीवाश्मही गोळा करत. गोंडांची गाणी त्यांनी उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने १८८३ मध्ये उभं राहिलं. हाती आलेली प्रत्येक इंग्रजी वही त्यांचीच असेल असं मात्र धरून चालू नका. जुनी वही निघाली की आपल्याकडे पहिलं नाव तेच घेतलं जातं, आणि एकदा ते नाव चिकटलं की पुढचा शोध थांबतो.

म्हणजे एका पुठ्ठ्यात दोन वह्या असतात. एक काय सांगितलं त्याची, दुसरी कुठे कुठे सांगितलं त्याची. नवखा माणूस पहिलीपासून सुरू करतो, दमतो आणि वही मिटतो. तुम्ही दुसरीपासून सुरू करा.

पहिल्या दिवशी: हात आवरा

वही उन्हात ठेवू नका, पुसू नका, तेल लावू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पातळ हातमोज्यांपेक्षा स्वच्छ कोरडे हात बरे, कारण मोज्यात बोटांना कागद कळत नाही आणि कड फाटते. पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल तर आधी ती सोडा.

वही सपाट उघडू नका. दोन बाजूंना टॉवेलच्या घड्या ठेवा आणि ती जेवढी सहज उघडेल तेवढीच उघडा. जवळ पाणी, चहा, शाईचं पेन काहीही नको. धूळ असेल तर मऊ कोरड्या कुंचल्याने आतल्या बाजूने बाहेर झटका.

इंग्रजी वह्यांतली तपकिरी शाई बहुतेक मायफळ आणि हिराकस यांची असते. लिहिल्यावर हवा लागून ती काळी झाली, मग वर्षांनुवर्षांनी तपकिरी पडली. ओलाव्यात हीच शाई कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोकं पडतात. नागपूरचा मे महिना वहीला कोरडा ठक्क करतो आणि जुलै दमट, या दोन्हींतून तिला वाचवायचं आहे. वाळवी आणि कसर लागली आहे का ते शिवणीजवळ पाहा. लागली असेल तर वही इतर पुस्तकांपासून लगेच वेगळी ठेवा. डांबराच्या गोळ्या पानांत घालू नका.

पानांत ठेवलेल्या चिठ्ठ्या, वाळलेली पानं, पावत्या काढून एकत्र करू नका. पूर्वी एका वहीचे फोटो घेताना मी सगळ्या सुट्या चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या. कोणती चिठ्ठी कोणत्या उपदेशात होती हे त्यानंतर कधीच कळलं नाही. त्यातली एक चिठ्ठी आजाऱ्यांच्या नावांची होती. ती कोणत्या गावच्या मुक्कामातली हे कळलं असतं तर कितीतरी उलगडलं असतं. ती चूक मला अजून लागते.

फोटो, वाचण्याआधी

खिडकीजवळचा उजेड, पण थेट ऊन नको. फ्लॅश बंद. मोबाईल पानाच्या बरोबर वर, पुस्तकांच्या थप्पीवर किंवा स्टँडवर टेकवून ठेवा. पहिल्या फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे वहीचा आकार कळेल. पुठ्ठा, कोरी पानं, पुठ्ठ्याची आतली बाजू, सगळ्यांचे फोटो घ्या. चिठ्ठी जिथे आहे तिथे आधी जागेवरच फोटो, मग ती हलके उचलून खालच्या पानाचा फोटो, आणि चिठ्ठी परत तिथेच.

वही उलटीकडूनही तपासा. कागद महाग होता, म्हणून पुष्कळ जण वही दोन्ही टोकांकडून भरत. पुढून उपदेश, आणि वही उलटी धरून मागून हिशेब किंवा पत्त्यांची यादी. मधली पानं तुम्हाला उलटी छापल्यासारखी दिसली तर तेच झालं आहे. फाइलांना पानांच्या क्रमाने सरळ आकडे द्या. मूळ वहीवर आकडे घालू नका.

काळ कसा ओळखायचा

तारीख लिहिलेली असली तरी ही तपासणी करा, कारण पुठ्ठ्यावरची तारीख पुष्कळदा नंतर कुणीतरी टाकलेली असते.

पान उजेडासमोर धरा. कागदाच्या अंगातच उमटलेलं चिन्ह दिसेल, इंग्लिश कागदात कधी कधी सालही. वही त्या सालाच्या आधीची असू शकत नाही. नंतरची कितीही असू शकते. पोलादी निबाने जोर देऊन लिहिलं की रेघेच्या दोन्ही कडांना बारीक दाट रेषा उमटतात. असे निब १८३० नंतर सर्रास झाले, त्याआधी पिसाची लेखणी. जांभळी शाई दिसली तर ती कृत्रिम रंगाची असण्याचा संभव मोठा, आणि तो रंग १८५६ मध्ये प्रथम सापडला. मूळ मजकूर तपकिरी आणि मधली भर जांभळ्या शाईत असेल तर तोच उपदेश कित्येक वर्षांनी पुन्हा काढून सुधारला आहे.

मजकुरातल्या खुणा आणखी उपयोगी. 'फ्री चर्च' हा शब्द मे १८४३ नंतरचा. नागपूरच्या राजाचा उल्लेख जिवंत माणसासारखा असेल तर डिसेंबर १८५३ च्या आधीचा काळ धरा, कारण तिसरे रघूजी तेव्हा वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. गावाच्या नावापुढे सी.पी. ही अक्षरं असतील तर मजकूर १८६१ नंतरचा, कारण मध्य प्रांत (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) तेव्हा झाला. रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोहोचली. इथे एक खाचखळगा आहे. त्या काळच्या इंग्रजीत 'स्टेशन' म्हणजे मिशनचं ठाणं किंवा साहेब लोकांची वस्ती. 'स्टेशनवर परतलो' हे वाक्य वाचून लगेच आगगाडीचा काळ ठरवू नका.

वचनांचे शब्दही सांगतात. इंग्रजी बायबलची १६११ ची आवृत्ती सगळीकडे चालायची. सुधारित भाषांतरातला नवा करार १८८१ मध्ये आणि जुना करार १८८५ मध्ये आला. वहीतले शब्द सुधारित भाषांतराशी जुळले तर ते पान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं.

कोपऱ्यातले आकडे: इथे जास्त वेळ द्या

आता त्या दाटीवाटीकडे या. उपदेशाच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर, समासात किंवा शेवटच्या ओळीखाली जे बारीक लिहिलेलं असतं ती गावांची आणि तारखांची यादी असते. वहीत किंवा संगणकावर एक तक्ता करा: उपदेशाचा क्रमांक, वचन, तारीख, वार, ठिकाण, सकाळ की संध्याकाळ, आणि काही शेरा असेल तर तो जसाच्या तसा. उपदेशातलं एकही वाक्य वाचू नका. फक्त हा तक्ता भरा. चार-पाच बैठकांत एक माणूस रस्त्यावर चालताना दिसायला लागतो.

महिन्यांची एक फसवणूक आधी सांगतो. ७ च्या आकड्यापुढे बी-ई-आर अशी अक्षरं असली की तो जुलै नसतो, सप्टेंबर असतो, लॅटिनमधल्या सातवरून. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि १० किंवा एक्स म्हणजे डिसेंबर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वह्यांत हे भेटतं. अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो, मग दिवस. इंग्लिश आणि स्कॉटिश बहुधा उलट.

वार काढून पाहा. मोबाईलवर कोणत्याही जुन्या तारखेचा वार मिळतो. हिस्लॉप गेले तो दिवस शुक्रवार होता, हे असंच काढता येतं. उपदेशाच्या तारखा बहुतेक रविवारी पडल्या तर वाचन बरोबर चाललं आहे. स्कॉटिश माणूस रविवारला 'सब्बाथ' म्हणायचा आणि ते 'सब' असं तोडून लिहायचा. दोन-तीन तारखा मंगळवारी-गुरुवारी पडल्या म्हणून लगेच चुकलं समजू नका. गावात लोक जमतात ते बाजाराच्या दिवशी, आणि उपदेशक बाजारात उभे राहून बोलत. एकाच गावाच्या तारखा सतत एकाच वारी येत असतील तर त्या गावाचा बाजारवार कुणा जुन्या माणसाला विचारा. रामटेकचा उल्लेख कार्तिकात असेल तर पंचांग काढून त्या साली त्रिपुरी पौर्णिमा कधी होती ते पाहा. जत्रेत उपदेश करायला जाणं हा मिशनऱ्यांचा नेहमीचा परिपाठ होता.

गावांची नावं वाचण्यात आपण नागपूरकर एडिंबराच्या वाचकापेक्षा फार पुढे आहोत. जुना इंग्रज कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. 'ई'साठी दोन ई, 'ऊ'साठी दोन ओ, आणि आपल्या 'अ'साठी यू. म्हणून सीताबर्डीचं 'सीताबुल्डी' दिसतं, वर्ध्याचं 'वुर्दा' दिसतं. नागपूरच्या शेवटी ओ-आर-ई येतं. कामठीत आपण न बोललेला पी येतो. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. नाव अडलं की अक्षरं मोठ्याने म्हणा, दोन-चार वेळा, घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर. माझ्यासमोर एका बाईंनी तीन आठवडे अडलेलं गाव ऐकताक्षणी ओळखलं, कारण ते त्यांचं माहेर होतं.

मग अंतराची परीक्षा. बैलगाडीने तंबू-सामानासह दिवसाला दहा-बारा मैल ही बरी चाल. रामटेक नागपूरच्या ईशान्येला साधारण ५० किलोमीटर, उमरेड आग्नेयेला साधारण ४५. सकाळी रामटेक आणि त्याच दिवशी संध्याकाळी उमरेड असं तुमच्या तक्त्यात आलं तर एक तरी नाव चुकीचं वाचलं आहे. नकाशा काढा आणि तारखेच्या क्रमाने गावं जोडा. रेघ वाकडीतिकडी असली तरी चालेल, पण उड्या मारणारी नको.

कामठीच्या नोंदी वेगळ्या धरा. तिथे १८२१ पासून छावणी होती आणि मद्रासच्या पलटणी असत. गोऱ्या सैनिकांपुढचा इंग्रजी उपदेश आणि गावातल्या बाजारातलं मराठी बोलणं यांचे मुद्दे सारखे नसणार. एकाच वचनाखाली दोन तऱ्हेचे मुद्दे दिसले तर ऐकणारे कोण होते ते तक्त्यात शोधा.

वचन ही किल्ली

तक्ता झाला की उपदेशाकडे वळा. आता सोपं जाईल, कारण प्रत्येक उपदेशाच्या माथ्यावर एक वचन असतं आणि ते छापील पुस्तकात मिळतं.

अध्याय रोमन आकड्यांत असतात. पुस्तकांची नावं तोडलेली: जे-एन-ओ म्हणजे योहान, पी-एस म्हणजे स्तोत्रसंहिता. संदर्भ लागत नसेल तर वचनातले वाचता येणारे चार शब्द इंग्रजी बायबलच्या शोधात टाका, जुन्या १६११ च्या आवृत्तीत. वचन सापडलं की खरं काम इथे करायचं. छापील वचन वर लिहा आणि उपदेशकाच्या हस्ताक्षरातलं तेच वचन खाली ठेवा. अक्षराला अक्षर लावा. हा माणूस 'आर' कसा काढतो, 'एच'ची शेपटी कुठे नेतो, 'डी' मागे वळवतो का, याचा स्वतंत्र तक्ता तयार होतो. दहा वचनांत जवळजवळ सगळी अक्षरं येतात. मी नवख्यांना पहिल्या महिन्यात एवढंच करायला सांगतो. सरळ मजकुरात उडी घेणारे अंदाजाने वाचतात, आणि अंदाजाची सवय एकदा लागली की सुटत नाही.

काही अक्षरं मुद्दाम सांगायला हवीत. जोडीने येणाऱ्या दोन 'एस'पैकी पहिला लांब, एफसारखा दिसतो. एक्स आणि वर बारीक टी म्हणजे ख्रिस्त, कारण ग्रीकमध्ये ख्रिस्त नावाचं पहिलं अक्षर तसं दिसतं. एक्स आणि एन म्हणजे ख्रिस्ती माणूस. वाय आणि वर ई म्हणजे 'द', वाय आणि वर टी म्हणजे 'दॅट'. डी-ओ म्हणजे 'वरीलप्रमाणे'. डी.व्ही. म्हणजे 'देवाची इच्छा असेल तर', पुढच्या मुक्कामाच्या नोंदीत हे हमखास येतं.

अक्षर लागूनही अर्थ चुकतो ते ओळखीच्या शब्दांमुळे. उपदेशाच्या शेवटी 'इम्प्रूव्हमेंट' असा मथळा दिसला तर ती सुधारणा नव्हे. ऐकलेलं वचन आपल्या जगण्याला कसं लावायचं, तो भाग. 'प्रोफेसर' म्हणजे कॉलेजातला शिक्षक नाही, विश्वास उघडपणे कबूल केलेला माणूस. बायबलच्या जुन्या इंग्रजीत 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे वागणूक. आणि तारखेपुढे 'लिबर्टी' लिहिलं असेल तर त्याचा राजकारणाशी संबंध नाही. त्या दिवशी बोलणं मोकळेपणी, ओघाने झालं, जीभ अडली नाही, एवढंच त्याला सांगायचं आहे. हे शेरे मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. तोच उपदेश एका गावी 'मोकळा' झाला आणि दुसऱ्या गावी 'आवळल्यासारखा', असं तो स्वतःपाशी कबूल करतो. छापील चरित्रांत हे येत नाही.

मधूनच नुसत्या रेघा, बाक आणि हुकासारख्या खुणा दिसल्या तर ती लघुलिपी. वेस्लीच्या काळापासून उपदेशक ती वापरत. टेलरची पद्धत १७८६ ची, पिटमनची १८३७ ची, याखेरीज आणखी कितीतरी. ती पानं तशीच ठेवा, फोटो वेगळे काढा आणि जाणकार मिळेपर्यंत थांबा.

उतरवून काढताना

ओळीला ओळ ठेवा. त्याने चुकीचं स्पेलिंग लिहिलं असेल तर तुम्हीही तेच लिहा. खोडलेलं खोडलेलंच दाखवा, गाळू नका. उपदेशक जे खोडतो त्यातून पुष्कळदा कळतं की कोणता मुद्दा लोकांना पटला नाही. तोडलेला शब्द तुम्ही पूर्ण केला तर तुमची भर चौकटी कंसात. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज नको, रिकामी जागा आणि प्रश्नचिन्ह. दुसऱ्या वाचनात त्यांतले निम्मे तरी आपोआप लागतात. मुद्द्यांचे रोमन आकडे, त्याखालचे साधे आकडे आणि त्यांची आत ढकललेली मांडणी तशीच ठेवा, कारण तोच उपदेशाचा सांगाडा आहे. हस्ताक्षर वाचणारी संगणकप्रणाली वापरलीत तर तिचं प्रत्येक वाक्य फोटोशी ताडून पाहा. ती गुळगुळीत वाक्य तयार करते आणि चूक लपून जाते.

मध्येच मराठी आलं तर ते दोन तऱ्हांनी येतं. वचनं आणि गीतं बहुधा बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरांत, आणि हिशेब, निरोप, नावांच्या याद्या मोडीत. काजळाची शाई असल्याने मोडीची ओळ काळीभोर राहते, पण पाण्याने चटकन पुसते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, म्हणून नुसत्या बाळबोध वाचकाला ती अडते. भोसल्यांच्या काळचे कागद वाचणारे मोडीचे जाणकार नागपुरात आहेत. त्यांना एकेक शब्द पाठवू नका, पूर्ण पान दाखवा. मराठी वचन सापडलं तर ते आजच्या पवित्र शास्त्राशी शब्दशः जुळणार नाही. भाषांतरं बदलत गेली, आणि जुने शब्दच काळ ओळखायला उपयोगी पडतात.

मजकूर टोचला तर

अशा वहीत आपल्या देवदेवतांबद्दल, जातींबद्दल, कधी खुद्द ऐकणाऱ्या लोकांबद्दल कठोर शब्द येतात. ते उतरवताना सौम्य करू नका आणि गाळूही नका. काळ आणि माणूस जसा होता तसा कागदावर राहू द्या. बाहेर प्रसिद्ध करताना मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. बाप्तिस्मा घेतलेल्यांची, मंडळीतून काढलेल्यांची, कर्ज मागितलेल्यांची नावं वहीत असतात, आणि त्यांचे नातू-पणतू याच शहरात राहतात. घरच्यांना आधी वाचून दाखवा. त्यांनी नको म्हटलेलं नाव छापू नका.

विचारायचं कुठे

वही कुणाची हे ठरवायला हस्ताक्षराचा दुसरा नमुना लागतो, म्हणजे सही असलेलं पत्र. स्कॉटिश मिशनचे कागद एडिंबराच्या स्कॉटलंड राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, ब्रिटिश मेथडिस्ट मिशनचे लंडनच्या सोआस या संस्थेत, आणि अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात. भारतात बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजचं संग्रहालय आणि श्रीरामपूरचं कॉलेज, म्हणजे बंगालमधलं. त्यांना लिहिताना 'आमच्याकडे जुनी वही आहे' एवढंच लिहून भागत नाही. पुठ्ठ्याचा, एका पूर्ण पानाचा आणि कोपऱ्यातल्या नोंदींचा फोटो, सोबत तुमचा गावांचा तक्ता, असं पाठवा. तक्ता पाहिला की तिथला माणूस सांगू शकतो की त्या साली त्या भागात कोण फिरत होतं.

इथे शोधताना नावांचा घोळ होतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यामुळे आजच्या नावाने मागितलेली जुनी नोंदवही मिळत नाही, ती आधीच्या नावाखाली असते. आपल्या मंडळीचं १९७० पूर्वीचं नाव घरच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पाहून मगच विचारायला जा. राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात सरकारी कागद पाहता येतात. गावांची जुनी नावं पडताळायला त्यांचा उपयोग होतो.

मूळ वही परदेशी पाठवायला कुणी सुचवलं तर पाठवू नका. ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते असं बाहेर नेता येत नाही. फोटो पुरतात.

काम झाल्यावर वही आम्लरहित कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या खोक्यात ठेवा, आडवी, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खोकं उघडून बघा. फोटोंच्या तीन प्रती करा: एक घरी, एक मंडळीच्या कार्यालयात, एक शहराबाहेरच्या नातलगाकडे. खोक्यात पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी घाला: वही कुणाच्या घरी, कोणत्या पेटीत, कोणत्या दिवशी निघाली. ज्या कापडात ती बांधलेली होती तेही टाकू नका. जुन्या दप्तरखान्यात कागदांच्या गठ्ठ्याला रुमालच म्हणतात. त्या आजींच्या घरचा रुमाल उलगडून पाहिला तेव्हा एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने विणलेली दोन अक्षरं निघाली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तीच दोन अक्षरं होती.